टर्बोच्या गाडीचं तेल

१६ मार्च २०२५, रविवार

तेल अजून ठरलं नव्हतं. गिरणीच्या बायकांची ने-आण करायला घेतलेली सेकंडहँड गाडी घरी येऊन चार दिवस झाले अन् पहिलाच वाद तेलावर.

हे म्हणतात घट्टच टाक, नागपूरचं ऊन आहे, पातळ तेलाचं पाणी होईल. उमरेडहून भावाचा फोन — मी ट्रॅक्टरमध्ये टाकतो तेच टाक, वीस वर्षांत काही झालं नाही. गाडीसोबत आलेलं पुस्तक तिसरंच सांगते. मी विचारलं होतं फक्त पुस्तकाला.

शेवटी आज मानेवाड्याला नत्थूजींच्या गॅरेजमध्ये नेली. सत्तरीचे आहेत. यांची स्कूटर, नंतरची मोटरसायकल, सगळं त्यांच्याच हातचं. पुस्तकातलं तेलाचं पान त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "घट्ट-पातळचं भांडण सोडा बाई. ह्या गाडीले टर्बो आहे. इंजिनच्या धुरावर फिरणारा पंखा. मिनिटाले लाखाच्या वर फेरे. त्याची दांडी तेलावरच तरंगते, दुसरा आधार नाही. साधं तेल तिथं जळते, त्याचं डांबर होते. डांबरानं नळी बुजली का दांडी कोरडी."

पाच-तीस नंबरचं तेल ठरलं. पूर्ण सिंथेटिक. डब्याच्या मागची अक्षरं पुस्तकातल्या अक्षरांशी एकेक करून जुळवली तेव्हाच झाकण उघडलं.

वर नियम. सुरू केल्यावर लगेच रेस नाही. पोचल्यावर एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवायचं, मग चावी. दर रविवारी इंजिनमधली मोजायची कांडी काढून तेल पाहायचं. "अन् तेल कमी होऊन राहिलं तर वरून टाकत नका बसू. माझ्याकडे या."

निघताना अजून एक सांगितलं. टर्बो फुटला तर डिझेलची गाडी स्वतःचंच तेल पिऊन पळते, चावी काढली तरी थांबत नाही. तेव्हा ब्रेक दाबून धरायचा, टॉप गिअर टाकायचा अन् क्लच सोडायचा. दम कोंडून बंद पडते. मी हो हो म्हटलं. कशाला होतंय असं.

१८ मार्च

ठरवलेला ड्रायव्हर आलाच नाही. फोन बंद. पहिल्याच दिवशी! बुटीबोरीच्या सूतगिरणीतल्या अकरा बायका चौकात उभ्या, अन् सहाला गेट लागते. लायसन्स माझं आहेच. बसले.

हे म्हणाले, दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत. बरं म्हटलं.

गिरणीपाशी पोचल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसले तर यमुताई हसल्या. सगळ्यांत जुन्या त्याच, पुढच्या सीटवर बसतात. "काहून थांबली वं? पोचलो ना."

"टर्बो थंडा होऊन राहिला."

दिवसभर बायका मशीनवर तेच म्हणत होत्या म्हणे. चहा प्यायला बसल्या की — टर्बो थंडा होऊन राहिला.

३० मार्च

कांडी पाहिली. तेल वरच्या खुणेवर.

२१ एप्रिल

चव्वेचाळीस डिग्री. दुसरा ड्रायव्हर शोधणं यांनी सोडलं आहे, पण मनातून गेलेलं नाही. आज जेवताना म्हणाले, "एकदा जरी काही खट् झालं ना, गाडी विकून टाकू." चिडून नाही. भाजी वाढ म्हणावं तसं.

मला गाडी चालवायला आवडते. हे कुठं लिहिलं नव्हतं अजून. पहाटे वर्धा रोड मोकळा असतो, बायका मागे अर्धवट झोपेत, इंजिनचा एकसारखा आवाज. लग्नानंतर सोळा वर्षं मी कायम कुणाच्या तरी मागे बसूनच गेले.

६ मे, मंगळवार

जामठ्याच्या पुढे लाल दिवा लागला. तेलाचा. लागला, गेला, परत लागला. कांडी काढली तर टोकाला नुसतं पुसट. दोन रविवार पाहिलंच नव्हतं — एकदा भाचीचं लग्न, एकदा आळस.

साडेपाच वाजून गेले होते. नत्थूजींना फोन केला असता तर म्हणाले असते, तिथंच उभी कर. बायकांचा दिवस बुडाला असता. अन् यांना कळलं असतं. रस्त्याच्या कडेला टायर पंक्चरवाला होता, त्याच्याकडे ड्रममधलं खुलं तेल. "ट्रॅक्टरवाले नेतात, बिनधास्त टाका." दोन लिटर टाकलं. भावाचा ट्रॅक्टर आठवला, चालतोच की.

दिवा विझला. गेटवर पाच मिनिटं आधी पोचलो.

संध्याकाळी नत्थूजींकडे जायचं ठरवलं होतं. गेले नाही.

११ मे

परत कमी. परत तिथूनच एक लिटर.

१७ मे

तिसऱ्यांदा. सुरू करताना मागून निळसर धूर. यमुताईंनी विचारलं, "हे बरं आहे ना वं?" मी म्हटलं, उन्हानं होते. त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा, म्हणून डोलावली.

पहिल्यांदा अडचण होती. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काय होतं? नत्थूजी दोन दिवस गाडी उभी करतील एवढंच. अन् उभी राहिली की हे विकतील. म्हणून टाकत राहिले.

२२ मे, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

पहाटे पावणेसहा, डोंगरगावच्या अलीकडे. गिअर बदलायला क्लच दाबला अन् इंजिन एकदम ओरडायला लागलं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी आवाज चढतच गेला. आरशात मागचा रस्ता दिसेना, सगळा पांढरा धूर. गिअर काढून डाव्या बाजूला घेतली. चावी फिरवली, बाहेर काढली. चावी माझ्या हातात अन् इंजिन किंचाळतेच आहे.

"यमुताई, सगळ्यायले उतरवा. दूर न्या."

त्यांनी दार उघडून एकेकीला खाली घेतलं, मोजत. खालून ओरडल्या, "अकरा झाल्या. तू उतर." सीटखाली भट्टीसारखं तापलं होतं. उतरावं असंच वाटलं. पण पेटली असती तर रस्ताभर गाड्या, अन् बायका जेमतेम वीस पावलांवर.

ब्रेकवर सगळा जोर दिला. पाचवा गिअर. क्लच सोडला. गाडीनं असा हिसका दिला की कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. अन् एकदम शांत.

बायकांनी रिक्षा, टेम्पो, मिळेल ते धरलं. यमुताई गेल्या नाहीत. त्यांचा दिवस बुडाला. क्रेन येईपर्यंत माझ्या कपाळावर ओला रुमाल धरून बसल्या.

२४ मे

नत्थूजींनी टर्बो खोलला. दांडी बोटानं हलते, पंख्याची पाती घासलेली. तेलाच्या नळीत काळं, घट्ट, चुलीतल्या काजळीसारखं. त्यांनी ते काडीवर घेतलं, बोटांत चोळलं, वास घेतला. माझ्याकडे पाहिलं.

हे बाजूला उभे होते. "नत्थूजी, तेल तुमीच टाकलं होतं ना? मंग हे काय होय?"

नत्थूजी म्हणाले, "टर्बो नवा लागेल. इंजिन वाचलं. बाईनं टायमावर बंद केली."

"मी काय विचारून राहिलो? तेल कोणतं टाकलं तुमी?"

मग यांचा आवाज वाढला. दुकानात चार लोक होते. भेसळीचं तेल टाकता, बायका मरता मरता वाचल्या, वय झालं तर दुकान बंद करा. नत्थूजी पान्हे पुसत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "जितेंद्रभाऊ, गाडी मी नीट करून देतो."

मी तिथंच होते. पाच पावलांवर. बोलले नाही.

२५ मे

बोलले नाही.

३१ मे

हे सांगत होते, आमच्या लेआउटमधल्या तीन शेजाऱ्यांनी नत्थूजींकडून गाड्या काढून घेतल्या. सगळीकडे यांनीच सांगितलं आहे. "लोकायचं भलंच केलं मी," म्हणाले. खरंच तसं वाटतं त्यांना. अन् का वाटू नये? मीच तर वाटू दिलं.

जेवण गेलं नाही.

४ जून, बुधवार

दुपारी एकटीच गॅरेजमध्ये गेले. आमची गाडी सोडली तर एकही गाडी नव्हती. उभ्या उभ्या सांगितलं — लाल दिवा, खुलं तेल, तीनदा.

नत्थूजींनी स्टूल पुढे केलं. "बस पोरी. मले नळी पाहिली तवाच समजलं. माझ्या तेलाचा वास मले माहीत नाही का?"

"मंग बोलले काहून नाही?"

"जितेंद्रभाऊनं तुझ्या हातची चावी काढून घेतली असती. मी पन्नास वर्षं ड्रायव्हर पाहून राहिलो. पळत्या गाडीत बसून राहून तिले बंद करणारे दोनच पाहिले. दुसरी तू." मग, "पण तेल पाहिलं नाही, वरून ते खुलं टाकलं, हे वाईट केलं. लई वाईट केलं. त्या बायकायचा विचार नाही आला तुले?"

आला नव्हता. तेच म्हटलं.

"यांना मी सांगते," म्हटलं.

"काही गरज नाही. माझी गिऱ्हाइकं येतील परत, नाही आली तर मुलगी कन्हानला बोलावून राहिली कधीची. तू चावी सांभाळ."

घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही. यांच्या बोलण्यानं नाही, नत्थूजींच्या दयेनंही नाही. ती दया घ्यावीशी वाटली, त्यानं.

७ जून, शनिवार

गाडी आली. नवा टर्बो, नवी नळी, पुस्तकातलं तेल. नत्थूजींनी डबा माझ्यासमोर फोडला.

८ जून, रविवार

सांगितलं. हे पेपर वाचत होते. मी समोर बसून सगळं सांगितलं, सहा मेपासून. नत्थूजींना आधीच कळलं होतं, तेही.

पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "अकरा बायका होत्या, गोपिका." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"हो."

"अन् तू होती."

हे मला अपेक्षित नव्हतं. डोळे भरले होते त्यांचे. मग चष्मा लावला, उठले. "मी त्या माणसाले चार लोकांत काय काय बोललो. अन् तू उभी होती." थोड्या वेळानं आतून म्हणाले, "गाडी विकू. मी गिऱ्हाईक पाहतो."

चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात.

९ जून, सोमवार

पहाटे साडेचारला चावी मागितली. विकायची नाही म्हटलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा यांना नाही म्हटलं. सगळ्या बायकांना आज मी गाडीत बसायच्या आधी खरं सांगणार, मग ज्यांना बसायचं त्या बसतील, हेही म्हटलं. यांनी खिशातली चावी काढून ओट्यावर ठेवली अन् चपला घातल्या.

हे माफी मागायला नत्थूजींच्या घरी गेले. मी बुटीबोरीला. अकरा जणींसोबत.