आमेन न म्हणता विकलेला उत्तरार्ध

मिलवॉकी, बुधवार

प्रिय क्लेटस,

शनिवार, सतरा जानेवारी, रात्री आठ वाजून बावन्न मिनिटं. मी स्वयंपाकघरात चीजचे तुकडे तळत होते आणि तू माझ्याच सोफ्यावर बसून आपला उत्तरार्ध विकून टाकलास. मला न विचारता. फोनवर वेळ छापलेली आहे, तेव्हा नाही म्हणू नकोस.

बास्केटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला आपला संघ बावीस गुणांनी पुढे होता. तू लगेच म्हणालास, "बर्नी, आपल्यांवरच लावू या, आज अंगात आलंय त्यांच्या!" मी म्हटलं, अरे शहाण्या, उत्तरार्धाचे गुण वेगळे मोजतात, तिथे दोघेही शून्यावर. एवढी आघाडी असली की शेवटच्या बारा मिनिटांत आपला प्रशिक्षक बड्या खेळाडूंना टॉवेल देऊन बसवतो आणि बाकावरची पोरं आत सोडतो. सामना आपला, उत्तरार्ध पाहुण्या संघाचा. फोनवरच्या पैजांच्या बाजारात त्या पैजेला एकेचाळीस सेंट भाव होता; खरं ठरलं की पुरा डॉलर, मधेच विकली तर त्या घडीचा भाव. तू कुरकुरलास, पण 'आमेन' म्हणालास. मीही म्हणाले. मगच बटण दाबलं गेलं. दोघांचं आमेन झाल्याशिवाय घ्यायचं नाही आणि विकायचंही नाही, हा नियम तूच केला होतास.

कॉन्व्हेंटात सिस्टर अडेलगुंडा आम्हाला बास्केटबॉल शिकवायच्या, तेव्हा मुलींनी मधली रेघ ओलांडायची नसे. माझा अख्खा खेळ अर्ध्या मैदानात गेला. तेव्हा अर्ध्या खेळातलं मला शिकवू नकोस.

मी बशी घेऊन बाहेर आले तेव्हा बाकावरची पोरं आत आली होती आणि चेंडू कुठेही फेकत होती. पाहुण्यांनी नऊ गुणांनी उत्तरार्ध मारला. मी ओरडले, "बघ! बघ!" आणि तू आपल्या बुटांकडे बघत म्हणालास, "विकलं गं मी. भाव पडत होता." वर आणखी, "पण आपला संघ जिंकला की! तोंड कशाला पाडतेस?" मी तुझ्यापुढची बशी उचलून आत नेली. तीच शिक्षा योग्य होती.

पण तीन दिवस मला ते पटेना. गेल्या फेब्रुवारीत आपल्या एका पैजेचा भाव चार सेंटवर आला होता, मी विकू या म्हणून गळा काढत होते, आणि तू हाताची घडी घालून बसलास. "शिट्टी वाजली का? नाही ना? मग गप बस." असा माणूस भाव पडला म्हणून घाबरेल?

काल तुझ्या पॉलाचा फोन आला. किती आनंदात होती! "पप्पांनी सांगितलं असेलच तुम्हाला. एक मार्चला कायमचे येताहेत माझ्याकडे ॲरिझोनाला. सध्या एकेक खाती बंद करणं चाललंय." मी म्हटलं, हो हो, सांगितलं की. तिच्याशी खोटं बोलले, तेही तुझ्यामुळे.

म्हणजे भावाचा काही संबंधच नव्हता. तू इथलं सगळं आवरत होतास, आपलं पैजांचं खातंसुद्धा, आणि माझ्यापुढे बोलायची हिंमत झाली नाही म्हणून मी आत गेल्याची संधी साधलीस.

पॉला गुणी आहे, तिच्याकडे पोहण्याचा तलाव आहे, तिथे बर्फ काढावा लागत नाही. सगळं मान्य. पण तिथे मध्यंतराला तुला शहाण्या म्हणून कोण हाक मारणार? इथे माझी खालची खोली रिकामी आहे आणि दाराला पायऱ्या तीनच आहेत. लोक काय म्हणतील ही काळजी असेल, तर फादर ग्रॅबोव्हस्कींना लग्नच लावून टाकू दे. त्यांनाही हिवाळ्यात फार काम नसतं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. हो की नाही ते लेखी कळव; फोनवर तू नुसता पुटपुटतोस. शुक्रवारी संध्याकाळी पाचला चर्चच्या तळघरात मासे तळायला घेतात. त्याआधी तुझी चिठ्ठी माझ्या दारातून आत पडलेली असली पाहिजे.

तुझीच, राग अजून न गेलेली,
बर्नडीन