उजवीकडचा दीड इंच

मंगळवार, ४ फेब्रुवारी

एकेचाळीस चित्रं! आणि रविवारी उद्घाटन. ग्रंथालयाच्या बाई हातगाडीवर रचूनच घेऊन आल्या. ‘बंदरं आणि समुद्र’. कुणीही काढावं, सगळ्यांची लावणार, जुन्या गोदामात. कुणाला म्हणून नाही म्हणायचं नाही असं त्यांनी ठरवलंय, आणि ते दिसतंयच. निवृत्त पोस्टमनचा देवमासा थेट म्हशीवर गेलाय. एकीने खरे शिंपले चिकटवलेत. त्यावर काच कशी बसवायची ते तिलाच विचारायला हवं.

सगळ्या फ्रेमा माझ्याच दुकानात. बरं वाटायला हवं होतं.

ह्यांना सांगितलं. “कशाचं प्रदर्शन?” म्हणाले. म्हटलं, समुद्राचं. ताटावरून उठले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बेचाळिसावं चित्र आलं. होडीवाल्याची बायको स्वतः घेऊन आली.

अकरा महिन्यांत पहिल्यांदा समोरासमोर. ती दिसली की मी रस्ता बदलते. आज दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि मी टेबलाच्या आतल्या बाजूला — जाणार कुठे? तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद काढला. “ताई, फ्रेम साधीच करा. मला चित्रं येत नाहीत. जेवढं होतं तेवढंच काढलंय.”

माप घ्यायला कागद उलगडला.

पहाटेचं धुकं. बंदराचं तोंड. डावीकडे जहाजं ओढणारी काळी टगबोट, भिंतीएवढी. ती हे चालवतात. अगदी उजव्या कडेला एवढीशी होडी, आणि होडीच्या टोकाला कंदील. पिवळा. लावलेला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. दिवा होता.

अपघाताच्या दिवशी हे सकाळी दहा वाजता घरी आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले. म्हणाले, “थर्मासचं झाकण पडलं म्हणून वाकलो गं. वर पाहिलं तर कंदील समोर.” वाकून उठायला किती वेळ लागतो? तेवढ्यात धडक बसली, होडीवाला गेला.

मग मी काय बोलले ते लिहवत नाही.

चौकशीत ह्यांनी सांगितलं, होडीवर दिवा नव्हता. इंजिनवाला खाली होता, त्याने काही पाहिलंच नव्हतं. होडीवाल्याची बायको म्हणाली, “दिवा मी माझ्या हाताने लावून दिला होता.” साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही किनाऱ्यावर होतात.” झालं. सगळा दोष मेलेल्याच्या माथी.

ह्यांची नोकरी राहिली. माणूस मात्र राहिला नाही. कामावर जातात, येतात, भिंतीकडे बघत बसतात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

माउंट कापला. चित्राभोवतीचा पांढरा पुठ्ठा — त्याची खिडकी किती मोठी ठेवायची ते माझ्या हातात असतं. उजवीकडून दीड इंच आत घेतली. होडी अर्धी दिसते. कंदील पुठ्ठ्याखाली.

चित्राला कात्री लावलेली नाही. हे मी दिवसभर स्वतःला सांगतेय.

रविवार, ९ फेब्रुवारी

गर्दी चांगली झाली. म्हशीसमोर सगळ्यात जास्त.

ग्रंथालयाच्या बाई होडीवाल्याच्या बायकोच्या चित्रापाशी उभ्या राहून सांगत होत्या, धुकं काय सुरेख उतरलंय. ती काचेवर उजव्या कडेला बोट ठेवून उभी राहिली. मग मान वळवून गर्दीत मला शोधलं आणि सरळ माझ्याकडे आली.

“ताई, कागद तिथे फाटला होता का?”

हो म्हणायची सोय तिनेच करून दिली होती. तेही तोंडातून निघेना. म्हटलं, “फ्रेमच्या मापात बसत नव्हतं.”

“कापला नाही ना?”

“नाही. आत आहे.”

“मग असू दे,” म्हणाली, आणि गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसले.

सोमवार, १० फेब्रुवारी

संध्याकाळी हे एकदम म्हणाले, “तिनेही चित्र दिलंय म्हणे.” म्हटलं, तुम्ही जाऊ नका.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रदर्शनाला गेलेच. दुपारी सरळ दुकानात आले. लग्नानंतर कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच काच धरायला यायचे. माझं कापणं ह्यांना पाठ आहे.

“उजवीकडे पुठ्ठा जास्त का घेतलास?”

मी ब्रश धुवत राहिले. धुतलेलाच होता.

“काय आहे तिथे?”

“कंदील.”

“लावलेला?”

“हो.”

स्टुलावर बसले. बऱ्याच वेळाने उठले, शर्ट नीट केला. कुठे निघाले ते कळलंच. मी बाही धरली. म्हटलं, नोकरी जाईल, आत टाकतील, ह्या वयात कुठे उभे राहू आपण? तो माणूस काही परत येणार नाही. काय काय बोलले! हे म्हणाले, “सोड गं. दमलोय मी.”

दिवेलागणीला परतले. बंदर कार्यालयात सगळं लिहून दिलंय. टगबोटीवरून तूर्त उतरवलंय. गुन्हा नोंदवायचा का ते ठरेल म्हणाले. पोटभर जेवले. हात पुसता पुसता म्हणाले, “खोटं मी माझ्या मनाने बोललो असं सांगितलंय. तुझं नाव कुठेही नाही.”

आणि झोपले. गाढ. मी बघत बसले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गोदाम उघडताच माउंट बदलला. तिथून बंदर कार्यालयात गेले. कारकुनाने विचारलं, “नवऱ्यासाठी रदबदली करायला आलात?”

म्हटलं, नाही. ‘दिवा नव्हता असं सांगा’ हे त्यांना मी शिकवलं. तीन दिवस पाठ करून घेतलं. तसं लिहून घ्या.