अंगात कोणी शिरलेलं नाही

इत्तोताईस मोहाचा सलाम. अम्माचे गुडघे कसे आहेत?

मी बरा आहे. अक्षर थरथरलंय खरं, पण आता चमचा तरी न सांडता तोंडापर्यंत जातो.

रमजानच्या चाळीस दिवस आधी पिणारे सगळेच सोडतात, तशी मीही बाटली सोडली. यंदा मात्र फिटच आली. खोलीवरचे ओरडले, "जिन्न शिरलाय! फकीहाला बोलवा, मंतरून उतरवायला!" इथं इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिन्न कसला? दारूनं अंगातलं मॅग्नेशियम, पोटॅशियम पार धुऊन नेलंय. इतक्या वर्षांची दारू अशी एकाएकी सोडतात होय? आधी इथं यायचं." आता ते सगळं सलाईनमधून भरतायत. म्हणजे पुन्हा बाटलीच!

तू पाठवलेला ताईत दंडावर आहे. नर्सनं काढला नाही.

अम्माला म्हण, अंगातले क्षार कमी झालेत. कशानं, ते सांगू नकोस.

कासाब्लांकाला येऊ नकोस, घाटातली बस तुला सोसत नाही. भेटीच्या वेळी इथं सगळ्यांची माणसं येतात, घरच्या कालवणाचा वास सुटतो. मी तेव्हा मुद्दाम डोळे मिटून पडतो. म्हणजे नंतर शेजारच्याला विचारता येतं, "मी झोपलो होतो, माझं कोणी येऊन गेलं का?"

तुझा, अजूनही धाकटाच,
मोहा