स्क्रीनवरच्या अठरा पेट्या

११ एप्रिल, बेंगळुरू
आणि परत तेच. माझंच चुकलं म्हणे. भावोजींचा फोन, हातखंब्याच्या आंब्याच्या स्टॉलवरून. "तुझ्या ॲपात घरी अठरा पेट्या शिल्लक दिसल्या. मी पेट्या घेणाऱ्या गाडीवाल्याला अठरांचा शब्द दिला. आता ताई म्हणते अकराच हायत!" ताई देवरूखजवळ घरी पेट्या भरते, ऑनलाइनवाल्यांना तिथूनच पाठवते. तिने पेटी पाठवली की भावोजींच्या मोबाईलवर आकडा आपोआप उतरायला हवा. उतरला नाही. शब्द राखायला दुसऱ्या बागेतनं सात पेट्या घेतल्या, पेटीमागे सहाशे जास्त देऊन. बेचाळीसशे गेले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं.

१२ एप्रिल
माझ्या मोबाईलवर आकडा बरोबर. ॲपमधून बाहेर आलो, परत आत गेलो, दहा वेळा. बरोबर. नितीनदादाला दाखवलं. नववीत शाळा सोडलेल्या मला वाडीतून उचलून इथे कोड लिहायला याच माणसाने बसवलं. ॲप पण दोघांनी मिळून केलेलं, आंब्याच्या बागवाल्यांना विकायला. मान वर न करता म्हणाला, "तिकडचं नेट गेलं असेल."

१४ एप्रिल
ताईला विचारलं, भावोजी ॲप वापरतात कसं? हसली. "वापरतात कुठं! सकाळी उघडून पेटीला टेकवून ठेवतात. हाताला चीक, पेंढा. संध्याकाळपर्यंत बोट लावत नाय."
हेच! मी आत-बाहेर करतो, दर वेळी आकडा नव्याने येतो. त्यांची स्क्रीन दिवसभर तीच. मी पण मोबाईल डब्याला टेकवला, हात मागे घेऊन बसलो. दुसऱ्या मोबाईलवरून पेट्या पाठवल्या. स्क्रीनवर अठराचे अठराच.
फोन ठेवताना ताई : "खरं सांग हां, तुला येतंय ना रे हे काम? नितीन म्हणाला, शिक्षण कमी पडतं त्याचं."
कधी म्हणाला?
"परवा. ह्यांना फोन केलेला ना त्याने."
येतंय म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१५ एप्रिल
सापडलं. सर्व्हरचा आकडा येईपर्यंत कोड थांबतो, मग पुढचं काम बाजूच्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या दुसऱ्या रांगेत, चालू होतं. तिथून स्क्रीनला हात लावायचा नाही. स्क्रीन सांभाळणाऱ्या मेन थ्रेडवर येऊनच सांगायचं, आकडा बदलला. ती ओळ मी लिहिली होती, छातीवर हात ठेवून सांगतो. आता नाही. तिच्या जागी ट्राय, आणि खाली चूक पकडणारा कॅच, तोही रिकामा. म्हणजे चूक होणार आणि तिथेच गडप. ॲप बंद पडत नाही, लाल अक्षर नाही, काही नाही.
कोडचा इतिहास उघडला. कोणती ओळ कोणी कधी बदलली, सगळं असतं त्यात. नितीन. बागवाल्यांना डेमो दाखवला, त्या दिवशी सकाळी.
म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक

१६ एप्रिल
जेवणाच्या सुट्टीत विचारलं.
"अरे, तुझ्या ओळीने स्क्रीन अडकत होती. तात्पुरती काढली. परत टाकायची राहिली."
"आणि भावोजींना माझं शिक्षण सांगितलंस ते?"
डबा बंद करत म्हणाला, "तुझं काय जातंय मेल्या? तुझ्या घरचेच ते. मला बागवाले परत काम देतील का?"
बरोबर ओळखलं त्याने. मी चुकलो म्हटलं की कोणालाही पटतं. ताईला पण पटलं होतं.

१८ एप्रिल
ओळ परत टाकली. स्क्रीन अडकवणारं जड काम बाजूला ढकललं, फक्त आकडा मेनवर. रिकामा कॅच काढला. भावोजींनी नवं ॲप घेतलं, दिवसभर टेकवून ठेवलं. तिकडे ताईने पेटी पाठवली की इकडे आकडा उतरतोय. भावोजी : "जमलं बाबा तुला एकदाचं."
एकदाचं.
नितीनला सांगितलं, रविवारपर्यंत तू स्वतः फोन करून खरं सांग त्यांना. हो म्हणाला.

२० एप्रिल
रविवार गेला. केला नाही. आज मलाच विचारतो, "चहाला येतोस?" काही झालंच नाही जसं.
ताईला सगळं सांगितलं, बेचाळीसशेतले निम्मे मी भरतो हेही. कोडच्या इतिहासाचा फोटो पाठवला. मग म्हणाली, "ह्यांना त्यातलं काय कळणार? आणि पैसे पाठवू नको हां. पाठवलेस तर चूक तुझीच ठरेल."
ठरू दे. उघडी ठेवलेली स्क्रीन मी पण कधी तपासली नव्हती, तेवढं माझं. उरलेलं ज्याचं त्याने द्यावं. देईल की नाही, फोन करील की नाही, माहीत नाही. मी माझे निम्मे पाठवतोय, रु. २,१००.