‘पोचलं’ म्हणायचं नाही

२ तारीख
बस उशिरा आली ते सोडा, स्टँडवर जावई घ्यायला यायचे होते, ते आलेच नाहीत. गाठोडं काखेत मारून विचारत विचारत घर गाठलं, तर स्वारी गच्चीवर, हातात अँटेना धरून आभाळाकडे बघत उभी. उपग्रह जात होता म्हणे. सासू काय, कधीही येते.

नातीने मात्र कमरेला मिठी मारली. पाच वर्षांची आहे, पण जीभ माझ्यावर गेलीय. लेक नोकरीसाठी परगावी, म्हणून पोरीला सांभाळायला मी आले. घर बरं आहे. स्वयंपाकघरात ऊन येतं, दारात लिंबाचं झाड, मला बसायला बुटकं स्टूल काढून ठेवलंय. करमेल इथे.

४ तारीख
जावयांचं खूळ समजून घेतलं. हौशी रेडिओवाल्यांचा एक छोटा उपग्रह वर फिरतो. त्यावरून चित्रं पाठवायची नवी रीत हे बसवतायत. चित्राचे तुकडे करून, त्यांचे आकडे करून वर धाडायचे. वरून तुकडा खाली आला की आपण ‘पोचलं’ कळवायचं, मग उपग्रह तो पुसून टाकतो, कारण त्याच्या पोटात जागा थोडी. ‘नाही पोचलं’ कळवलं तर ठेवून घेतो आणि पुढच्या फेरीला परत पाठवतो. एका फेरीत उत्तर एकाच चित्राला देता येतं. आपण गप्प बसलो तर तो पोचलंच धरतो.

ही कुठली रीत, म्हटलं. दार उघडलं नाही म्हणून कोणी सामान मिळालं असं धरतं का? जावई हसले. आई, तुम्हाला नाही कळायचं, म्हणाले.

७ तारीख
जावई नाचत खाली आले. कोणी न पाठवलेलं चित्र वरून आलं होतं. बघते तर माझं स्टूल. तेच, पायाला सुतळी गुंडाळलेलं. याचा फोटो कोणी काढला, विचारलं. कोणीतरी गंमत करत असेल, पण माझी रीत चालतेय बघा, म्हणत यांनी ‘पोचलं’ दाबलं.

संध्याकाळपासून स्टूल घरात नाही. जावई म्हणतात, तुम्हीच कुठेतरी ठेवलं असेल, वयामुळे होतं असं. वय झालंय, अक्कल गेलेली नाही.

१० तारीख
सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिंबाचं झाड. दुपारी दारात नुसती जमीन. खड्डासुद्धा नाही. पालिकेने तोडलं असेल म्हणे. पालिकेची माणसं मुळं काढून वर जमीन चोपून देतात होय?

ते बटण दाबू नका, सांगितलं. तर कागद-पेन घेऊन मला समजावलं, की चित्र म्हणजे फक्त चित्र. शिवाय आता कॉम्प्युटरलाच ‘पोचलं’ म्हणायला शिकवलंय. माणूस लागतच नाही, म्हणून खूश.

१३ तारीख
पडद्यावर पाय. छोटा. लाल मोजा.

मी ओरडेपर्यंत कॉम्प्युटरने उत्तर देऊन टाकलं होतं.

पोरगी जिन्यावरून बसत बसत खाली आली. मोजा हातात. दुखत नाही आजी, म्हणाली, नुसता नाहीये. रक्त नाही. घोट्यापाशी गुळगुळीत.

जावई पांढरेफटक. आता कळलं यांना.

१४ तारीख
घाबरून यांनी सगळ्या वायरी उपटल्या. एवढा शिकलेला माणूस, आणि स्वतःचाच नियम विसरला. गप्प बसलं की पोचलंच धरतो तो.

दुसरा पायही गेला.

वायरी परत जोडायला लावल्या, कॉम्प्युटरचं आपोआप उत्तर देणं बंद करायला लावलं. आता बटणाशी मी.

१६ तारीख
दर फेरीला पोरीचे गुडघे येतात. मी ‘नाही पोचलं’ दाबते. परत येतात. परत दाबते. पोरगी मांडीवर. विचारते, वरचा एवढा हट्टी का? म्हटलं, त्याची माझ्याशी अजून गाठ पडली नाही.

जावई रेडिओवाल्या मित्रांकडे गेलेत, उपग्रह बंद कसा करायचा विचारायला. फोन उचलत नाहीत. पाय काढायची हौस मोठी.

१८ तारीख
आज दोन चित्रं. पोरीचे गुडघे, आणि एक हात. सुरकुतलेला, मनगटावर भाजल्याचा डाग. माझा.

उत्तर एकालाच. विचार कसला करायचा त्यात.

डाव्या हाताने लिहितेय.

१९ तारीख
आता डावाही पडद्यावर. हात गेले तर नाकाने दाबीन. पण तोंड आलं की—

जावई, परत आलात की रडत बसू नका. वाचा. पोरीच्या चित्राला ‘नाही पोचलं’, दर फेरीला. माझं आलं तर बघायचंसुद्धा नाही. कॉम्प्युटरवर सोडायचं नाही, मित्रांवर नाही, लेकीवर तर नाहीच. रीत तुमची. उत्तर तुम्हीच द्यायचं, तुमच्याच बोटाने, तुम्ही—