नलूची दोन मिनिटं

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड

माझ्यामुळे एका अनोळखी मुलीचं आठवड्याचं काम पुसलं गेलं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी माहितीपानांचं शुद्धलेखन मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण नलू तपासतो. नियम असा, की एकीने दुरुस्त करायचं, दुसरीने वाचून मंजुरी द्यायची. रविवारी मी एका पानातल्या एकतीस चुका काढल्या आणि त्या भरात एक अख्खी ओळच उडवली: 'ही कमांड चालवण्याआधी फाइलींची प्रत काढून ठेवा.' नलूची मंजुरी दोन मिनिटांत आली. त्या मुलीने पान वाचून कमांड चालवली आणि तिच्या फाइली पुसल्या गेल्या. प्रत नव्हती. पानाखाली तिने साधंच विचारलंय, "इथे आधी काही सूचना होती का?"

नलूला फोन केला. "दोन मिनिटांत काय वाचलंस गं?"

"काही नाही. तू केलंयस म्हटल्यावर काय वाचायचं? आणि चूक दाखवली असती तर ऐकून घेतलं असतंस?"

घेतलं असतं? कॉलेजात असताना तिने मला लिहिलेली पत्रंसुद्धा मी लाल शाईने दुरुस्त करून परत दिली होती. पण तरी, दोन मिनिटं!

मुलीला लिहिलं, ओळ माझ्या हातून गेली, चूक माझी. नलूचं नाव घेतलं नाही. ओळ परत घातली, नलूकडे पाठवली.

पंचवीस मिनिटं मंजुरी नाही. मग आलं: "सूचना कमांडच्या खाली घातलीयस. वर घे."

पाहिलं. खालीच होती.

वर घेतली.