त्रेचाळीस कुंड्यांची नावं

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

त्रेचाळीस कुंड्या — आणि एकीवरही नाव नाही!

तंजावरजवळच्या पापनाशमला जाऊन आले. भरद्वाजने बोलावलं होतं. वीस वर्षांपूर्वी कॉलेजात माझ्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकायचा, आता कोइमतूरला नोकरीला. त्याचे वडील गुरुमूर्तीराव ऑगस्टमध्ये गेले. त्यांनी गच्चीवर प्लॅस्टिकच्या छपराखाली छोटे निवडुंग वाढवलेले. कुणी लिंबाएवढा, कुणी नारळाएवढा, अंगभर काटे, हंगामात अंगापेक्षा मोठं फूल. नावं सगळी त्यांच्या डोक्यात. लिहून कुठेच नाही! कोइमतूरची एक बाग कुंड्या घ्यायला तयार आहे, पण नावांनिशी.

"नावं लागली की घर विकायचं, अम्माला इकडे आणायचं," तो फोनवर म्हणाला. "तुमच्याशिवाय कुणाला जमणार, मिस?"

रिटायर होऊन तीन वर्षं झाली. 'मिस' ऐकून खुर्चीतून उगाच उभी राहिले.

अम्मा म्हणजे अलमेलुअक्का. सत्तरीच्या, बुटक्या, आपलंच तंजावरी मराठी. निवडुंगांना 'मुळ्ळेली' म्हणतात — तमिळमधला काटेरी उंदीर. "हे गेले की, मुळ्ळेली राहिल्या," म्हणाल्या. रडल्या नाहीत. फिल्टरची कापी आणायला आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

९ फेब्रुवारी

आधी तीन गट पाडले. कंगोऱ्यांऐवजी नुसते उंचवटे आणि कळ्या बुडाशी — ते रेबुशिया. खोल कंगोरे आणि कळीची केसाळ लांब नळी — एकिनॉप्सिस. उरले एकिनोसेरियस. त्यांची कळी कातडी फाडून बाहेर येते, फुलाच्या नळीलाही काटे, आणि फुलाच्या मधोमध हिरवंगार टोक. ते हिरवं दिसलं की वाद संपला!

पण गट म्हणजे नाव नव्हे. एकेकाचे प्रकार किती! मी भिंग धरते, अक्का काटे मोजतात. "बाजूचे अठरा. मधला एक. — नाही, थांब गं, दोन." नजर पक्की.

दुपारी जेवायला वाढलं. पुरे म्हटलं तरी भात! आई गेल्यापासून कुणी समोर बसून मला वाढलेलं नाही. अकरा वर्षं. डोळ्यांत पाणी आलं, मिरचीवर ढकललं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज कुणाशी बोलले? दूधवाल्याशी. "अर्धा लिटर."

२३ फेब्रुवारी

एकतीस कुंड्या झाल्या. या गतीने पुढच्या रविवारी सगळं संपेल.

बत्तिसावी हातात घेतली. गुलाबी-पांढरे पट्टे, कंगव्यासारखे चपटे काटे, मधला काटा नाहीच. सेकंड इयरच्या पोराने नाव सांगितलं असतं. मी काय म्हटलं? "याचं फूल बघावं लागेल, अक्का."

नंतरच्या अकरांनाही तेच म्हटलं!

पस्तीस वर्षं पोरांना बजावलं — दिसतं ते लिहा, नाही ते लिहू नका. आणि आता हे. परतीच्या गाडीत लाज वाटली. बरंही वाटलं. दोन्ही.

२ मार्च

सात कुंड्यांवर कळ्या. अक्का म्हणाल्या, "मग अजून चार-पाच रविवार लागतील की?" मी म्हटलं, लागतील. त्यांनी गुरुमूर्तीरावांचं जुनं स्वेटर दाखवलं, त्यांच्या पोस्टातल्या बदल्या सांगितल्या, लग्नात हरवलेलं पैंजण सांगितलं. निवडुंगांना हातही लावला नाही आम्ही. शेवटची गाडी चुकता चुकता मिळाली.

९ मार्च

कळ्या नाहीत! सातही गेल्या. नुसते व्रण.

"खारी आहेत गच्चीवर," अक्का म्हणाल्या. वर बघत नव्हत्या.

१६ मार्च

आज पुन्हा. नव्या आलेल्या तीन कळ्यांच्या जागी व्रण.

भिंग लावलं. खार कुरतडते, कडा दातेरी राहते. हे व्रण अर्धगोल, स्वच्छ. माणसाच्या नखाचे.

विचारलं नसतं तर बरं झालं असतं. विचारलं.

त्या पायरीवर बसल्या. "माझंच नख आहे ते. फूल आलं की तू नाव लिहिणार. नावं झाली की भरद्वाज येणार. मला नाही गं जायचं. त्यांचा पंधरावा मजला, खाली कुणी ओळखत नाही..." मग एकदम थांबल्या. "हे वर्षभर एका फुलाची वाट बघायचे, सुंदरी. फुललं की मला हाक मारायचे. आणि मी खुडून टाकल्या."

आता रडल्या. ऑगस्टपासूनचं रडल्या बहुतेक.

मी शेजारी बसले. माझंही सांगून टाकलं — की बाराही कुंड्यांची नावं मला हातात घेतल्याबरोबर कळली होती, फुलांची गरजच नव्हती. त्यांनी पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे बघत राहिल्या.

"का गं?"

"रविवारसाठी."

मग त्याच म्हणाल्या, "पोराला किती दिवस फसवायचं? लिही. आजच लिही." मी लिहीत गेले, त्या पाट्या कुंड्यांत खोचत गेल्या. चार वाजता त्रेचाळीस पुरे.

इथेच राहा असं म्हणायला हवं होतं. कुणाच्या घरात? कुठल्या हक्काने?

६ एप्रिल

निरोप द्यायला गेले. भरद्वाज चांगला मुलगा आहे, खाली वाकून नमस्कार केला, साडी दिली. अक्का गाडीत पुढे बसल्या होत्या. काचेतून हात हलवला. कुंड्यांचा टेम्पो आधीच गेला होता. गच्चीवर गोल गोल डाग तेवढे.

१३ एप्रिल, रविवार

सवयीने आठ वाजता साडी नेसून तयार झाले. मग बसले.

२० एप्रिल

अक्कांना फोन केला. सुनेने घेतला. "अम्मा झोपल्यात." सकाळी अकराला?

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी एकला दार वाजलं. दुपारचा दूधवाला लवकर आला असेल म्हणून पातेलं घेऊनच गेले. अक्का! एक पिशवी, गुडघ्याचं तेल, घामाने भिजलेल्या. कोइमतूरहून सकाळच्या गाडीने एकट्या आल्या. "चिठ्ठी ठेवलीय टेबलावर," म्हणाल्या आणि सरळ न्हाणीघरात हातपाय धुवायला गेल्या. पाठोपाठ भरद्वाजचा फोन, आवाज फुटलेला — "मिस, अम्मा तिकडे आलीय का?" मी म्हटलं, "आलीय. आणि इथे राहणार आहे." अक्कांना विचारलंही नव्हतं.